तेवढा क्लू दे

शेटलंडातल्या येल बेटावर मार्चमध्ये
उजेडसुद्धा मेंढीच्या अंगाचा असतो,
ओलसर, मळकट.
ऑस्ला हॅल्क्रोच्या दारात उभा पोलीस नवा आहे,
इन्व्हरनेसहून बदली होऊन आलेला.
टोपी काढावी की नाही, त्याचं ठरत नाही.

लाउरी सकाळपासून घरात नाही.
वय त्र्याऐंशी. अंगात निळा स्वेटर, पायात एकच बूट.
दुसरा इथे शेगडीपाशी, जीभ बाहेर काढून.

"काही क्लू, मिसेस हॅल्क्रो? कुठलाही?"

ती मांडीवरच्या टोपलीत बघते.
शेवाळी आहे. पांढरा आहे,
त्यात अजून गवताची काडी अडकलेली.
करडा दिसत नाही.

कारण ऑस्लाच्या घरात क्लू म्हणजे लोकरीचा गुंडा.
आई म्हणायची, आईची सासू म्हणायची.
शब्द मुळात गुंडाच होता.
मग दक्षिणेकडच्या एका जुन्या गोष्टीत
कुण्या पोरीने कुण्या पोराला
भुलभुलैयात शिरताना दिला हातात:
टोक दाराशी बांध, सोडत जा, गुंडाळत ये.
तो परत आला.
पुढे पोरीचं काय झालं, फारसं कुणी विचारत नाही,
शब्द मात्र सगळे घेऊन गेले.
वापरून वापरून लोकर झिजली, उरला नुसता माग.
मग आले बोटांचे ठसे, सिगारेटचं थोटूक,
शब्दकोड्यातलं सात उभं,
आणि काही क्लूच नाही म्हणत खांदे उडवणारी शाळकरी मुलं.
आपल्या वर्तमानपत्रातही धागेदोरे सापडतात रोज,
कुणाच्या बोटाला एक तंतू लागलेला नसतो.

पोलिसाला हे कोण सांगणार.
तो वहीत लिहितो: एक बूट.

आणि ऑस्लाच्या सुया थांबतात.

सकाळी ती म्हणाली होती, मान वर न करता,
लाउरी, तेवढा क्लू दे.
टेबलाखाली गडगडलेला करडा, हातभर अंतरावर.
तो "आणतो" म्हणाला आणि उठला.
कितीतरी दिवसांनी
सांगितल्याबरोबर उठला, म्हणून तिला बरंच वाटलं.
दार वाजलं तेव्हा ती टाके मोजत होती.
सत्तेचाळीस.

पण लाउरी चाळीस वर्षं समुद्रावरचा.
त्याच्या जिभेवर क्लू म्हणजे शिडाचा खालचा कोपरा,
जिथे दोर बांधतात,
जो सुटला की सगळं शीड अंगात आल्यासारखं फडफडतं.
हल्ली त्याच्यातून आधी निघून गेले
घरातले शब्द: बशी, उशी, सुनेचं नाव.
तळाशी अजून पडून आहेत दोर, गाठी,
वाऱ्यांचे स्वभाव.

"बोटीपाशी बघा," ऑस्ला म्हणते.
"बोट आहे तुमची?"
"वीस वर्षांपूर्वी विकली. जागा आहे."

जागा म्हणजे किनाऱ्याच्या चढावर खणलेली खाच,
दगडांनी बांधलेली, बोटीच्या मापाची.
आत आता गवत.
आणि गवतात लाउरी, नीट मधोमध बसलेला,
मेंढ्यांच्या खाद्याच्या रिकाम्या पोत्याचं टोक
दोन्ही मुठींत धरून.
वारा पोतं ओढतोय, तो सोडत नाही.
मोजा भिजून काळा झालाय.

घरी येऊन त्याने तो कोपरा पुढे केला.
"घे," म्हणाला. "उशीर झाला. वारा उलटा होता."

ती काही बोलली नाही.
प्लास्टिकची घडी घातली,
टोपलीत ठेवली, शेवाळी आणि पांढऱ्याच्या मध्ये.
मग त्याचा मोजा काढायला खाली बसली.

पोलीस वाकला,
टेबलाखालून करडा गुंडा काढला,
आणि हातात घेऊन उभा राहिला बराच वेळ,
सुटलेलं टोक शोधत.